कांडपाच्या आवाजाआड

सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि रुद्राणीचा पहिला घाणा अर्धा कुटून झाला होता. नाकातोंडावर ओलं उपरणं, डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा जुना गॉगल, हातात लांब दांड्याचं उलथनं. नेकनूरमध्ये मसाल्याच्या दिवसांत तिच्या कांडपावर बायका रस्त्यापर्यंत मिरचीच्या पाट्या लावून बसतात. मिरचीच्या धुळीमुळे सगळ्यांचेच डोळे गळत असतात. इथे कुणी कुणाला का रडतेस म्हणून विचारत नाही.

कांडपात पाच मुसळं. तिसऱ्याची लोखंडी टोपी झिजलेली, त्यामुळे ते उखळाच्या तळाला पोचत नाही. धप, धप, मग एक पोकळ ठोका, मग पुन्हा धप, धप. टोपी बदलायचं काम तिचे वडील महारुद्रआप्पा दोन वर्षं पुढे ढकलत होते. गल्लीला त्या लंगड्या चालीची सवय झाली होती. या मशीनशेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून उपरण्याखाली रुद्राणीच्या कानात काय चाललंय याची चौकशीही कुणी करत नसे.

इअरफोनमधून कानात 'नऊ वेशी' ऐकू येत असे. पाच भागांची अद्भुतकथा. एका नगराला नऊ वेशी, प्रत्येक वेशीवर एक पहारेकरी, आणि नगराच्या मधोमध एक विहीर, जिच्यात रोज कुणीतरी दिवा घेऊन उतरावं लागतं, नाहीतर खालचं पाणी वर येतं. तिसऱ्या वेशीची पहारेकरी उल्का. विहिरीत उतरणारी मृगा. मृगा उतरते तेव्हा दोर उल्काच धरते, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

या दोघींवरून वाचकांच्या गटात वर्षभर भांडण चाललं होतं. गट मोबाइलवरचा, माणसं तीसेक, बहुतेकांनी टोपणनावं घेतलेली. चालवणारी वैष्णवी, मूळची पाटोद्याची, आता पुण्यात नोकरीला. नवीन माणूस आला की ती आधी विचारायची, आवडता भाग कोणता आणि का? उत्तर न देणाऱ्याला ती ठेवत नसे.

"उल्काचं मृगावर प्रेम आहे," वैष्णवी ठासून सांगायची. "पाच भागांत ती एकाही पुरुषाकडे बघत नाही. लेखकाने अजून काय शिक्का मारून द्यायचा?"

"अरे बे, तिला ड्युटी आहे," नांदेडचा सिदू म्हणायचा. तो औषधनिर्माणशास्त्र शिकत होता आणि प्रत्येक वादात उडी घ्यायचा. "दोर धरला म्हणजे प्रेम का? मग आमच्या शेतात रहाट ओढणारे सगळे नवरा-बायकोच म्हणायचे."

"तू चौथा भाग वाचलास का तरी?"

"वाचला ताई. मला त्यातला राक्षस आवडला. तो बिचारा कुणाच्या अध्यात न मध्यात."

रुद्राणी गटात 'तिसरा पहारा' या नावाने होती. बोलत कधीच नसे, फक्त टाइप करायची. मार्चमध्ये अशाच एका वादात, सिदूच्या विनोदांवर सगळे हसत असताना, तिने एकच ओळ लिहिली: 'उल्काला पुरुष नको आहेत. मला कळतं, कारण मलाही नको आहेत.' लिहून झाल्यावर तिने फोन पालथा घातला आणि उलथनं उचललं. पण गटात काही आभाळ कोसळलं नाही. वैष्णवीने एक दिव्याचं चित्र टाकलं. सिदूने लिहिलं, 'ठीक आहे, मी हरलो.' वाद पुढे गेला.

नेकनूरमध्ये ही ओळ कुणाला माहीत नव्हती. माहीत झाली तर काय होईल, याचा हिशेब रुद्राणीने नीट केला होता. मसाल्याचे दिवस संपले की लातूरहून मंडळी तिला बघायला येणार होती. त्यांना नकार द्यायचा आणि कांडप स्वतःच चालवत राहायचं, एवढा तिचा बेत होता, आणि आप्पा अजून तिचं ऐकून घेत होते. ती ओळ कळली, त्या दिवशी ते ऐकून घेणं संपलं असतं. मुंबई-पुण्याला निघून जाण्याची स्वप्नं तिला पडत नव्हती. तिला हेच मशीन हवं होतं.

त्या ओळीनंतर आठवड्याने 'पारवा' नावाच्या सदस्याचा आवाजी निरोप आला. पारवा नेहमी कुजबुजत बोलायचा. कुजबुजीत माणूस ओळखू येत नाही. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, सगळं पुसलं जातं. "तिसरा पहारा," ती कुजबूज म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ते माझंही आहे. तेवढंच सांगायचं होतं."

घाणा उतरल्यावर मशीन थांबवून रुद्राणीने निरोप पुन्हा लावला. शब्दांसाठी नव्हे. कुजबुजीच्या मागे काहीतरी चाललं होतं. धप, धप, एक पोकळ ठोका, धप, धप.

ती मागे वळली. पाट्यांच्या रांगेत सात-आठ बायका बसल्या होत्या. एकीच्याही हातात फोन नव्हता.

त्या दिवसापासून तिने गिऱ्हाइकांचे चेहरे बघायला सुरुवात केली. शेजारच्या किराणा दुकानात बसणारा भाऊ वीरेश फोनवर हसला की ती हातातलं काम सोडून तिकडे बघायची. एकदा तर तिने त्याचा फोन उघडून पाहिला. त्यात क्रिकेट आणि तुरीचे भाव यापलीकडे काही नव्हतं. शिंपी, पोस्टमन, पलीकडचा मेडिकलवाला. यातला कुणीही गळ टाकून बसलेला असू शकत होता. आधी आपलंही तसंच म्हणायचं, मग समोरच्याला बोलतं करायचं, मग गावभर करायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिने दगडफूल घालून येसूर, आमटीचा मसाला, कुटायला घेतला. तासाभरात पारव्याचा निरोप आला. पाचव्या भागाबद्दल दोन वाक्यं, आणि शेवटी, जणू स्वतःशीच: "आज दगडफुलाचा वास वर येतोय."

रुद्राणीने मशीन बंद केलं. बायका ओरडल्या, "काय गं, लाइट गेली का?" ती दारात येऊन उभी राहिली. गल्लीत ऊन. एक शेळी सावलीला टेकलेली. समोर माजी सरपंच सुंदररावांचं दुमजली घर, ओट्यावर कुणी नाही, वरच्या खिडक्या बंद. त्यांचा मुलगा बजरंग पक्षाच्या कामाला बीडला असे आणि आठवड्यातून एकदा गाडीने येई. घरात सुंदरराव, त्यांची बायको छबुबाई आणि सून सायली, जिला लग्नाला तीन वर्षं होऊनही गल्लीने धड पाहिलं नव्हतं. रुद्राणीची नजर त्या घरावरून पुढे शिंप्याच्या दुकानाकडे गेली आणि तिथेच थांबली. शिंपी झोपला होता.

अमावस्या, इकडची आवस, शनिवारी आली. आवशीला आप्पा मशीन चालू देत नाहीत. शनिवारची आवस असली तर विषयच नाही. तिथी भर दुपारी लागली, तेव्हा हातातला घाणा पुरा करून आप्पांनी वीज तोडली, मुसळांना विभूती आणि कुंकू लावलं, उखळापुढे नारळ फोडला आणि शेजारी किराणा दुकानात जेवायला गेले. रुद्राणी अर्धं शटर ओढून उंबऱ्यावर चाळण्या पुसत बसली.

एक वाजता गटाची बैठक सुरू झाली. शनिवारी सगळे एकाच वेळी जोडले जायचे. विषय होता, मृगाला उल्काबद्दल कधी कळलं?

"दुसऱ्या भागात, दोर तुटतो तेव्हा," वैष्णवी म्हणाली.

"तुटतो कुठे ताई, झिजतो. आधी पुस्तक नीट वाचा, मग प्रेमं जुळवा," सिदू म्हणाला. दोघंतिघं हसली.

मग कुजबूज आली. "मृगाला पहिल्यापासून माहीत होतं. तिने विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तर उल्काला उत्तर द्यावं लागलं असतं."

वाक्य संपलं, तरी पारव्याचा माइक चालू राहिला. आता रुद्राणीला मागचा आवाज स्पष्ट ऐकू आला. धप, धप, पोकळ ठोका, धप, धप.

तिने मान वळवली. पाचही मुसळं जागच्या जागी लटकत होती. त्यांवरचं कुंकू अजून ओलं होतं. नारळाचं पाणी फरशीवर तसंच.

तिने इअरफोन काढले. आवाज थांबला नाही. बारीक झाला, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण चाल तीच. तिचं बंद मशीन गल्लीत कुठेतरी चालू होतं.

हातातली चाळणी खाली ठेवायलाही ती विसरली. आवाज वरून येत होता. समोरून. सुंदररावांच्या माडीवरच्या हिरव्या खिडकीतून.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. बंद खोलीत बोलायचं तर बाहेर ऐकू जायला नको. कांडप चालू असताना बोललं की कुजबूज त्यात बुडते. आणि कांडपाचा भरवसा नाही, वीज कधीही जाते. म्हणून कुणीतरी तो आवाज दुसऱ्या एका फोनमध्ये भरून ठेवला होता आणि दाराशी लावून बसत होतं. आज तिथी भर दुपारी लागली, मशीन अवेळी थांबलं. खोलीतल्या माणसाला वाटलं, लाइट गेली असेल, येईल.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावर सुंदरराव आले. पंचा खांद्यावर, जेवून उठलेले. "रुद्रे! आवशीचं कांडप कावून चालू हाय गं? तुझ्या आप्पानं आत्ताच तर नारळ फोडला."

अर्ध्या शटरमुळे त्यांना आतलं दिसत नव्हतं. रुद्राणीने तोंड उघडलं. 'आमचं बंद हाय, आबा' म्हणायचा अवकाश होता. चार शब्द. पारवा कोण ते गावासमोर आलं असतं, आणि पारव्याच्या फोनमध्ये तिसऱ्या पहाऱ्याची ओळही होती.

सुंदररावांनी मान तिरकी केली. कान दिला. मग हळूच वर, खिडकीकडे पाहिलं. "आवाज वरून यायलाय का काय..." ते जिन्याकडे वळले.

रुद्राणी शटरखालून आत गेली आणि तिने खटका ओढला.

पाच मुसळं रिकाम्या उखळावर आदळली. काही क्षण दोन्ही कांडपं एकदम चालली, एक मोठं, एक बारीक, एकमेकांत अर्ध्या ठोक्याने अडकलेली, आणि दोन्हींची तिसरी जागा पोकळ. मग बारीक थांबलं.

"आबा!" ती शटरमधून वाकून ओरडली. "पट्टा सरकतोय, बघायलेय! चालू-बंद, चालू-बंद करून!"

सुंदरराव पहिल्या पायरीवर थांबले. "आवशीला?"

"उद्या गर्दी हाय, आबा!"

त्यांनी हात झटकला आणि परत ओट्यावर येऊन बसले. तोवर आप्पा दुकानातून धावत आले होते, हाताला वरण लागलेलं. "नारळाचं पाणी वाळलं न्हाई अजून! रिकामं उखळ कुटायलीस? कुणासाठी कुटायलीस गं आवशीला?" त्यांनी खटका पाडला. रुद्राणीने चाळणी पुसायला घेतली. आप्पा गळ्यातल्या लिंगाला हात लावून पुटपुटत राहिले आणि पुन्हा कापूर लावला.

तिने इअरफोन परत घातले. "पारवा, ऐकू येतंय का? पारवा?" वैष्णवी विचारत होती.

हिरवी खिडकी वीतभर उघडली. सायली उभी होती, डोक्यावर पदर. तिने कांडपाकडे पाहिलं, मग रुद्राणीच्या गळ्यातून कानाकडे गेलेल्या पांढऱ्या वायरीकडे. ती हसली नाही. चेहऱ्यावर भीती होती की दुसरं काही, एवढ्या अंतरावरून सांगता येत नव्हतं. खिडकी लागली.

संध्याकाळी पारव्याचा तिच्या एकटीलाच निरोप आला. लिहिलेला, कुजबूज नव्हे. 'तिसरा पहारा, आज आवस होती.'

रुद्राणीने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. आता दोघींना दुसरीचं नाव माहीत होतं, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीचं आयुष्य एका वाक्यात मोडू शकत होती. शेवटी तिने एवढंच लिहिलं: 'हो. मला माहीत आहे.' गट तिने सोडला नाही. यादीत पारवाही तसाच होता.

दिवेलागणीला सुंदरराव दुकानात तंबाखू घ्यायला आले आणि जाता जाता सांगून गेले. "सकाळी आमची चार किलो मिरची पहिली घे गं. छबूला धाप लागती, सून येईल घेऊन." मसाला अदलाबदल होऊ नये म्हणून इथे घाणा उतरेपर्यंत घरचं माणूस मशीनपाशी बसून राहतं.

कांडप उद्या साडेआठला सुरू होणार होतं. चार किलो मिरचीला पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ त्या दोघींचं बोलणं तिसऱ्या कुणाला ऐकू जाणार नव्हतं.