तळातली मूठ

माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलानं मोठ्या माणसाबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण आमच्या कापूसवाल्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात नसेल, एवढं मी नक्की सांगू शकतो. ते आईच्या गावचे, म्हणून मामा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते पाहतही नाहीत. खांद्यापर्यंत हात खुपसून तळातली मूठ काढतात. ही सवय मग त्यांना सगळीकडेच लागली. बाजारात टमाटे ढिगाच्या बुडातून घेणार. माझ्या चुलतभावासाठी मुलगी पाहायला गेले, तर बैठकीतले पोहे सोडून मागच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बाईशी तासभर बोलत बसले.

मला एका नावाजलेल्या विद्यापीठात जायचं होतं. तिथे इतिहासासोबत वनस्पतिशास्त्रही शिकता येतं, हे मला खरं वाटत नव्हतं. बाबांची एकच अट होती, "मामा हो म्हनतीन तं जाय." मामांनी विद्यापीठाचं चकचकीत माहितीपुस्तक उघडलं. हिरवळ, झाडं आणि पानोपानी हसणारी मुलं. "सगळेच हासून राह्यले बे! इथं परीक्षा होते का नाही?"

प्रवेशाची मुलाखत मोबाईलवर, व्हिडिओ कॉलनं झाली; मामा शेजारीच बसले होते. शेवटी मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी "काही विचारायचंय?" म्हटलं, आणि मी नेहमीसारखी नकारार्थी मान हलवली. मामांनी मोबाईल स्वतःकडे वळवला. "मॅडम, हासनारे पोरं पाह्यले. आता तुमचं कॉलेज सोडून गेलेल्या एखाद्या पोराचा नंबर द्या."

मॅडम "कळवते" म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

"वाटोळं केलं मामा तुमी माह्यं!" मी ओरडलो. त्यानंतर त्यांच्याशी बोललोच नाही. ते हंगामासाठी पांढरकवड्याच्या जिनिंगवर गेले, तेव्हा भेटायलाही गेलो नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, फीसुद्धा माफ. खाली मॅडमनी लिहिलं होतं, की मामांचा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता; सोडून गेलेला एक विद्यार्थी बोलायला तयार आहे, हा त्याचा नंबर. मी मामांना फोन लावला. मशीनच्या आवाजात तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"त्या पोराले फोन करता का, मामा?"

"आता कायले? ज्याईनं नंबर देला, त्याईचा माल साफ आहे. बाबाले मी सांगतो, तू जाय." मग आवाज जरा खाली आला. "पन जायच्या आधी इकडं येऊन जाशीन. लय दिवस झाले, दिसला नाही तू."