ट्रेसरबाई आणि गाळाचं टेंडर

ट्रेसरबाई रेघ ओढत असल्या की आमच्या ऑफिसात कुणी खोकायचं नाही. मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. नकाशा गिरवायला ट्रेसिंग कापडावर पेन टेकवलं की बाई श्वास रोखून धरायच्या आणि रेघ संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. तलावाची पाळ, म्हणजे बांध, लांबलचक असली तर बघणाऱ्या आम्हालाच धाप लागायची. एकदा नागपूरचे मोठे साहेब बोलत बोलत आत शिरले, तर बाईंनी मान वर न करता डावा हात उचलून त्यांना दारातच थांबवलं. साहेब थांबले बिचारे. रेघ पुरी झाल्यावर बाई उठल्या, नमस्कार केला आणि स्वतः जाऊन पंखा लावला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तलाव-पाटांचं आमचं ऑफिस लाखनीला, अगदी हायवेला लागून. ट्रक गेला की टेबल थरथरायचं. बाईंना दोन ट्रकांच्या मधली वेळ बरोबर कळायची. तेवढ्यात त्या आपली रेघ उरकून घ्यायच्या. मी पवनीचा, डिप्लोमा करून नुकताच ओव्हरसीअर म्हणून लागलेलो, आणि जगातलं सगळं गणित मला येतं अशा थाटात वावरणारा. बाई चाळिशीच्या. घरी म्हातारी आई, बाकी कुणी नाही. शेजाऱ्यांनी नावं ठेवली तरी वडिलांनी मुलीला शाळेतून काढलं नाही, आणि पुढे छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाई मला 'लहान साहेब' म्हणायच्या. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला कधीच कळलं नाही.

त्यांची आणखी एक खोड होती. न पाहिलेल्या तलावाचा नकाशा त्या काढायच्या नाहीत. रविवारी डबा घेऊन एसटीनं जायच्या, चपला हातात धरून पाळीवरून एक फेरी मारायच्या, पाटाच्या तोंडाशी बसून डबा खायच्या आणि सोमवारी कामाला बसायच्या. पदरचं तिकीट काढून कशाला जाता, असं मी एकदा हसत विचारलं. त्या म्हणाल्या, "कागद पाहून कागद काढला, तर तलाव कुठी रायला?"

अशात एक दिवस नागपूरहून पत्र आलं. दिघोरीकडच्या एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदाराच्या काळातल्या, तलावाचा गाळ काढून पाळ दुरुस्त करायची होती. अशी कामं आजवर आमचीच गँग करायची. पण खात्याचं काम महाग पडतं, अशी ओरड वरपर्यंत गेली होती. म्हणून या खेपेला टेंडर निघणार होतं. ठेकेदारांसोबत खात्यानंही आपला बंद लिफाफा टाकावा, आणि आपला दर चढा निघाला तर गँग मोडावी, असा हुकूम होता. गँग म्हणजे बावीस माणसं, बाया धरून. सगळे रोजंदारीवर, कुणाला पंधरा वर्षं झालेली, कुणाला वीस. त्यांचा मुकादम सुखदेव मेट ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. ऑफिस बंद होईपर्यंत उठला नाही. लिफाफा तयार करायचं काम माझ्याकडे आलं.

मी तीन वेळा हिशेब मांडला. तिन्ही वेळा आम्ही ठेकेदारांच्या नेहमीच्या दराच्या वरच. मग मी कापाकापी सुरू केली. आधी कापली पाणीवाली, मग बायांच्या लेकरांसाठी घालायचा मांडव. कागद नकाशासोबत जोडायला बाईंकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि परत माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"लहान साहेब, पाणीवाली कापली. मंग उन्हात या लोकायले पाणी कोण पाजीन?"

मी चिडलो. म्हणालो, पाणीवाली ठेवली तर गँगच राहत नाही, मग पाणी प्यायला उरणार कोण? बाई यावर रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक बाब मला वाचून दाखवायला लावली. मी वाचत गेलो. गाळ खोदणे. गाळ भरणे. गाळ अर्ध्या मैलावर नेऊन टाकणे. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"हा गाळ फेकून काहून राहिले तुम्ही?"

का फेकतोय, आता काय सांगू? नियमच तसा होता. दरपत्रकात ती बाब होती, म्हणून मी लिहिली. माझ्या आधीच्या ओव्हरसीअरनं लिहिली होती, त्याच्या आधीच्यानंही लिहिली असणार. ठेकेदारही तीच लिहिणार आणि त्यावर ट्रकांचं भाडं लावणार. आणि मी पवनीचा, धानाच्या घरात जन्मलेला! तलावाचा गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडला की धान कसं येतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. लोकांनी आपापल्या बैलबंड्या लावून गाळ शेतात नेला, तर ती अख्खी बाब उडत होती. पाणीवाली राहत होती, मांडवही राहत होता. मी पेन उचलून ती ओळ खोडली.

पण लोक नेतील कशावरून? पुढच्या रविवारी मी बाईंसोबत एसटीत बसलो. गावात सभा भरली. पाटलाची शंका रास्तच होती: आज सरकार फुकट ने म्हणेल आणि दोन वर्षांनी वसुलीचा कागद धाडेल. मी नियम सांगत बसलो, आणि लोक जांभया देत बसले. मग बाई उभ्या राहिल्या.

"माह्या आजानं या पाळीवर बिगारीत माती टाकली, मालगुजारासाठी. तुमच्याही आजानं टाकली असन. ते त्याच्या तलावासाठी होतं. हे आपल्या धानासाठी आहे."

पाटील उठला, त्यानं बाईंसाठी खाट पुढे ओढली आणि कागद मागितला. सह्या आणि अंगठे होईस्तोवर आमची शेवटची एसटी चुकली. बाईंचा मुक्काम पाटलाच्याच घरी झाला.

लिफाफे उघडले, तेव्हा आमचा दर सर्वांत खाली निघाला. ठेकेदारांनी साहजिकच आरडाओरड केली: गाळ उचलायची बाबच नाही, हे कसलं टेंडर? साहेबांनी अट घातली. आठ दिवसांत गाळ हलताना दिसला नाही, तर काम दुसऱ्या लिफाफ्याला.

पहिल्या दिवशी गँग सूर्य उगवायच्या आधी पाळीवर हजर होती. खोदकाम सुरू झालं, ढीग वाढत गेले. नऊ वाजले, दहा वाजले, बंडीचा पत्ता नाही. एका ठेकेदाराचा माणूस झाडाखाली बसून मजेत विडी ओढत होता. बाईंनी त्या दिवशी रजा टाकली होती. त्या गावाच्या वाटेकडे तोंड करून उभ्या होत्या. श्वास रोखून उभ्या होत्या, हे मला लांबूनही कळत होतं.

अकराच्या सुमारास घुंगरं ऐकू आली. मग धूळ दिसली आणि धुळीतून बंड्या, एकामागं एक, मोजता येईनात इतक्या. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. उशीर का केला, असं मी ओरडून विचारलं, तर पाटील म्हणाला, पहिल्या दिवशी बैल तसेच उघडेबोडके कसे आणायचे? बाई मटकन पाळीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. सुखदेव मेटही रडला. मी ओव्हरसीअर होतो, म्हणून पाटाकडे जाऊन रडलो.

गँग टिकली. पुढची पाच-सहा टेंडरं आम्ही अशीच लढवली. प्रत्येक बाबीपुढे बाई मला 'काहून' विचारायच्या आणि मी उत्तर शोधायचो. साहेबांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मी बाईंचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, ट्रेसरचा याच्याशी काय संबंध? बाईंना हे सांगितलं, तर त्या पोटभर हसल्या. मला अजून राग येतो.

ऐंशीनंतर माझी बदली कोकणात झाली. तिथेही कुणी ठरलेली बाब ठरलेल्या जागी लिहिली की माझ्या तोंडून 'काहून' निघायचं आणि हाताखालची पोरं हसायची. बाई रिटायर झाल्या, तेव्हा मला जाता आलं नाही. वर्षभरानं सुखदेव मेटचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बाई गेल्या होत्या. आई आधीच वारली होती, जवळचं असं कुणी नव्हतं. शेवटी त्यानं लिहवलं होतं: "खांद्याले आमी बावीसही होतो, बायाही. कोणी कोणाची जात पाह्यली नाही. बाहेरच्या कोणाले हात लावू देला नाही."