स्टेपनीला अंगठा

इस्माईलचाचा आधी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मग विचारायचे, "काय म्हनते?" मी म्हणायचो, "काही नाही, तेल बदलायचंय." ते माझ्याकडे न बघताच सांगायचे, "तुमाला नाय, तिला विचारतोय."

मस्कतच्या गॅरेजात वीस वर्षं काढून चाचा पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि तिचं तेल घरीच बदलायचं, असं एक पुस्तक वाचून ठरवलं होतं. पहिल्याच रविवारी गाडीखाली झोपून मी नट सोडला. सगळं तेल माझ्या बाहीतून थेट काखेत गेलं, कारण भांडं मी डोक्यापाशी ठेवलं होतं. चाचा गॅलरीतून बघत होते. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकारच. एक जुना पुठ्ठा घेऊन खाली आले आणि माझ्या शेजारी आडवे झाले. त्यानंतर दर वेळी तेल आम्ही दोघांनी बदललं. म्हणजे ते बदलायचे, मी बॅटरी धरायचो, तीही बहुधा त्यांच्या डोळ्यांवर.

"तेल गळायला अर्धा तास लागतो," ते म्हणायचे. "तवर चाय पीत बसू नका. तिची खैरियत विचारा." मग पट्ट्याला चीर पडलीय का, ब्रेकऑइल खाली गेलंय का, टायर एका अंगाने झिजलेत का, आणि शेवटी स्टेपनी. मी लांबून वाकून "ठीक आहे" म्हटलं की लगेच यायचं, "हात लावलात? हात लावल्याबिगर ठीक म्हनायचं नाय, प्रोफेसर. स्टेपनीला तर अंगठा दाबून बघायचा."

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. ते खुर्ची टाकून बसायचे, मी बघून सांगायचो. एकदा त्यांची मुलगी शबनम हिला महाडच्या शाळेत मुलाखतीला जायचं होतं. अकराची वेळ होती आणि बापलेकीला मी माझ्या गाडीने नेणार होतो. आदल्या दिवशी चाचांनी आग्रहाने तेल बदलून घेतलं. डिकीत स्टेपनीवर सासुरवाडीहून आलेलं तांदळाचं पोतं होतं. ते उचलायचा मला कंटाळा आला.

"स्टेपनी?"

"ठीक."

"अंगठा लावलात?"

"लावला."

वर्गात मी प्रामाणिकपणावर पाऊण तास बोलू शकतो.

दुसऱ्या दिवशी वडखळच्या पुढे टायर बसला. भर रस्त्यात पोतं उतरवलं आणि स्टेपनीला अंगठा लावला, तर तो निम्मा आत गेला. शबनमने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडण्याआधीच चाचा म्हणाले, "चुकी माझी, बेटा. काल स्टेपनी मीच बघितली. डोलं साथ देत नायत आता." मी गप्प राहिलो. तेवढं मात्र मला कुणी न शिकवता जमलं. पंक्चर काढून महाडला पोचेपर्यंत एक वाजला होता. मुलाखती संपल्या होत्या आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. परतीच्या वाटेवर चाचा मला रस्त्यावरचे खड्डे दाखवत राहिले, जे त्यांना दिसतच नव्हते.

शबनमला पुढे पनवेलच्याच एका शाळेत नोकरी लागली, म्हणून मला जेवण जात होतं. तीन वर्षांनी चाचा गेले. चाळिसावा झाल्यावर मी धीर करून तिच्याकडे गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी चाचांची चूक नव्हती. मी खोटं बोललो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "घरी आल्या आल्या अब्बांनीच सांगितलं. मी तुमच्याशी भांडायला जिना चढत होते, त्यांनी हाताला धरून थांबवलं. म्हणाले, 'नको बोलू. बोललीस तर प्रोफेसर माफी मागून मोकले होतील. नाय बोललीस तर जन्मभर स्टेपनी बघतील.'"

तिच्याकडे येण्यापूर्वी मी खाली डिकी उघडून अंगठा लावूनच आलो होतो.