फळ्यावरचं माझं मत

डोंबिवलीला आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा होता. पुस्तक परत करताना सभासदाने त्याबद्दल दोन वाक्यं सांगायची आणि चिटणिसांनी ती सभासदाच्या नावासकट खडूने लिहायची, अशी तिथली पद्धत. सभासद आमचे हे. पुस्तकं वाचायची मी.

हे कचेरीतून येताना पुस्तक बदलून आणत आणि त्याच्या आदल्या रात्री जेवताना विचारत, "कसं आहे गं हे पुस्तक?" मी भाबडी. तव्यावरची पोळी उलटता उलटता मनापासून सांगायची. एका गाजलेल्या कादंबरीबद्दल मी म्हटलं, "एवढी माणसं रडतात, पण सबंध पुस्तकात एकदाही चूल पेटत नाही. यांना जेवायला घालतं कोण?"

दोन दिवसांनी भाजीला गेले तर माझं वाक्य फळ्यावर, खाली ह्यांचं नाव. चिटणीस दारातच उभे होते. "तुमच्या यजमानांचं निरीक्षण फार सूक्ष्म आहे हो," म्हणाले. ज्या माणसाला स्वतःच्या घरात काड्यापेटी कुठे असते ते माहीत नव्हतं, त्याचं निरीक्षण! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी जाब विचारला तर म्हणाले, "अगं, सभासद मी आहे. आणि तुझं-माझं काय वेगळं आहे?"

पुढे ह्यांना पुस्तकं निवडायच्या समितीवर घेतलं. मंडळी घरी येऊन माझी मतं ह्यांच्या तोंडून ऐकत, माना डोलवत. चहा मात्र माझ्या नावावर होता. मला सत्कार नको होता. ते वाक्य माझं आहे, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मग एक कादंबरी आली आणि परतही गेली. समितीच्या गडबडीत ह्यांनी तिच्याबद्दल विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच वाचनालयात गेले. चिटणीस आत कपाटं लावत होते. मी खडू उचलला आणि लिहिलं, "नायिका शेवटी नवऱ्याला क्षमा करते, कारण लेखकाला पुस्तक संपवायचं होतं."

खाली नाव लिहिताना हात थांबला. सासरचं नाव ह्यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं, म्हणजे तेही ह्यांचंच. ठाण्याला माहेरी ज्या नावाने मी वाचायला शिकले, ते पाळण्यातलं नाव लिहिलं. नुसतंच, आडनाव नाही.

संध्याकाळी हे हसतच घरी आले. "वाचनालयात कुणी नवीन बाई आलेली दिसते. फळ्यावर आगाऊपणा करून ठेवलाय."

"नाव काय तिचं?"

त्यांनी सांगितलं. लग्न झाल्यापासून ते नाव मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मी हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"ओळखता का तिला?"

"छे," हे म्हणाले आणि पाट ओढून बसले. "पण ती कादंबरी तू वाचलीस ना? तुझं काय मत पडलं?"