रविवारी केलेला उद्धार

आमच्या फ्लॅट स्कीममधल्या महिला मंडळाला गरीब माणसं फक्त थंडीत दिसायची. जानेवारी लागला की नागपूरच्या इतवारी बाजारातून ठोकात ब्लँकेटं यायची, एका रंगाच्या साड्या ठरायच्या आणि बॅनर छापला जायचा. ब्लँकेट घेणारीच्या हातात गेलं तरी देणारीचा हात त्यावरून निघत नसे. फोटो नीट येईपर्यंत दोघींनी ते धरून ठेवायचं. एका म्हातारीला तर चेहरा दिसत नाही म्हणून डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लावला होता. तेव्हा मीही त्या रांगेत, त्याच रंगाच्या साडीत उभी होते. माझ्या आईने जन्मभर लाल मिरचीचे देठ खुडले आणि आठवीपर्यंत मीही तिच्याशेजारी बसून खुडले, हे त्या बायांना मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात बसायला मला आवडायचं, दुसरं कारण नाही.

मंडळाच्या अध्यक्षा चौथ्या मजल्यावर राहतात. गेल्या वर्षी बैठकीत त्या म्हणाल्या, "ब्लँकेटं फार झाली. यंदा आपण बालमजुरी घेऊ." जणू भिशीच्या जेवणातली भाजी बदलायची होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही तीन गाड्यांनी मौद्याच्या रस्त्याला निघालो. रविवारी, कारण त्या दिवशी सगळ्यांना सवड असते. रस्त्यालगतच्या एका शेडमध्ये पन्नासेक बाया मिरच्यांच्या ढिगांभोवती बसून देठ काढत होत्या. आत पाय टाकताच आमच्या बाया शिंकायला लागल्या. नाकाला पदर लावून, डोळे पुसत त्यांनी पाहणी केली.

एका बाईजवळ अकराएक वर्षांची मुलगी बसली होती. ओढणीने तोंड बांधलेलं, बोटं भराभर चाललेली. अध्यक्षा तिच्यापुढे वाकल्या आणि आईला म्हणाल्या, "अहो, हिचं वय शिकायचं आहे. माझ्याकडे पाठवा. माझ्या घरी राहील, मी शाळेत घालते."

आई गोंधळली. "शयरातली शाळा?" तिने विचारलं.

"हो, नागपुरातली. चांगली."

आई हरखली. ती शाळेबद्दल आणखी काही सांगायला लागली होती, पण तेवढ्यात फोटोसाठी सगळ्यांना जवळ यायला सांगितलं गेलं. माझ्या मनात आलं की मुलीला एक प्रश्न तरी विचारावा. मी विचारला नाही. आठ दिवसांनी मुलगी चौथ्या मजल्यावर राहायला आली आणि मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांचा पाऊस पडला.

अध्यक्षांची सून नोकरीला जाते आणि तिचं मूल तेव्हा वर्षाचं होतं. मुलगी आली त्याच आठवड्यात त्यांच्या पगारी बाईला नारळ मिळाला. हा योगायोग असावा असं मी स्वतःला समजावलं. एप्रिलच्या सुरुवातीला, दुपारच्या उन्हात, ती मुलगी मला जिन्यात भेटली. मूल कडेवर, हातात दुधाची बाटली.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं. माझी जुनी भाषा आपोआप तोंडात आली.

"बाळाले झोपवून राहिली. घरात रडते तं मॅडमची झोप मोडते."

"शाळेत नाई गेली?"

"इथं नाई टाकलं अजून. जूनमधी टाकतो म्हनते." मग ती सहज म्हणाली, "गावात मी पाचवीत होती. रोज जात होती. मिरचीत फक्त रयवारी जात होती, मायसंग. आता चार दिसानं परीक्षा हाये तिथं."

रोज शाळेत जाणाऱ्या मुलीला आम्ही रविवारी पाहिलं आणि शाळेत घालण्यासाठी शाळेतून काढलं. तीन गाड्या भरून गेलेल्या बायांपैकी एकीलाही रविवारी शाळेला सुट्टी असते, हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी वर गेले. अध्यक्षा एसीत बसून कलिंगड खात होत्या.

"तिची परीक्षा चार दिवसांवर आली आहे," मी म्हणाले. "तिला घरी पाठवा."

"तिथे ती मिरचीच्या धुळीत बसायची. इथे पंखा आहे, पोटभर जेवण आहे, माझ्या मोठ्या नातीचे कपडे घालते. घरच्यासारखी आहे ती."

"घरचं कोण भांडी घासतं?"

त्यांनी काटा खाली ठेवला. "हे बघा, तुम्हाला या लोकांचा अनुभव नाही."

मग मी सांगितलं. आईचं सांगितलं, माझं सांगितलं, हाताची आग थांबावी म्हणून दोघी ताकात बोटं बुडवून बसायचो तेही सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तरीच," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी बालमजुरीच्या तक्रारीची धमकी दिली आणि मुलीकडून तिच्या आईचा नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आई आली. मुलीचे कपडे एका पिशवीत मावले. अध्यक्षा दारात म्हणाल्या, "चांगलं करायला जावं, तर असं." आईने नातीचा फ्रॉक तेवढा पिशवीतून काढून चपलांच्या कपाटावर ठेवला.

मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. मला वाटलं होतं, आता मुलीची आई माझे आभार मानेल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या दिवशी तुमी बी होत्या न तिथं?"

"होते."

"मंग तवाच काहून नाई बोल्ल्या?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि मुलीला घेऊन बसमध्ये चढली. मी खिडकीशी गेले तेव्हा ती दुसरीकडे बघत होती.

गुरुजींनी मुलीचं नाव कापलं नव्हतं. ती परीक्षेला बसली, पास झाली, आता सहावीत आहे. हे मला मुलीनेच फोन करून सांगितलं. तिची आई माझ्याशी बोलत नाही. मंडळात "त्या लोकांना कदर नसते" असं ठरलं आणि माझं नाव ग्रुपमधून निघालं. तक्रार मात्र मी केली नाही. एकाच इमारतीत राहायचं आहे, असं कारण मी स्वतःला दिलं, आणि असल्या कारणांचा मला आता उबग येतो. अध्यक्षा लिफ्टमध्ये भेटतात. आम्ही दोघी आपापल्या मोबाइलमध्ये बघतो.