सिम नसलेल्या फोनवरची सोयरीक

स्टाफरूममध्ये किस्से कोणी जमवत नाही. कपाटावर जुन्या प्रश्नपत्रिका साठतात तसे ते साठत जातात आणि एक ओढायला गेलं की सगळा गठ्ठा अंगावर येतो. हा गठ्ठा मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायचे तेव्हाचा. स्मार्टफोन अजून आमच्यापैकी कोणाच्या खिशात आले नव्हते. होता तो फक्त गणिताच्या राऊत सरांचा गाणी ऐकायचा प्लेयर, अमेरिकेतल्या भावानं पाठवलेला.

"यावरून अमेरिकेत फोन लागते!" राऊत सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

आमचं ऑफिस कुलकर्णी काका सांभाळायचे. सकाळ-संध्याकाळ भिक्षुकी, मधल्या वेळात हजेरीपट. त्यांनी तो प्लेयर उलटासुलटा करून पाहिला.

"सिम कुठी टाकता?"

"सिम नाही लागत काका. इंटरनेटवर चालते."

"मंग मिस कॉल कसा द्याचा?"

मिस कॉल देता येत नाही असला फोन अमरावतीत काय कामाचा!

*

इंटरनेट होतं डायरेक्टर सरांच्या केबिनमध्ये. वायफायचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक, एक सर आणि दुसरे काका. काकांनी तो आम्हाला फोडला, पण एका अटीवर. त्यांच्या एका यजमानाचा मुलगा अमेरिकेत होता, त्याच्या नव्या घरची सत्यनारायणाची पूजा याच प्लेयरवरून सांगायची!

आमची सकाळची बॅच सुरू व्हायच्या आधी, म्हणजे तिकडे संध्याकाळ असताना, काका सोवळं नेसून वॉटर कूलरजवळ बसले. केबिनच्या भिंतीला लागून तेवढीच जागा होती जिथे रेंज यायची. कानात इअरफोन, समोर पोथी. संकल्प सुरू झाला. संकल्पात यजमान कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलाय ते सांगावं लागतं, आणि काका तिथेच अडले.

"बाळा, तुझ्या घराजवळ नदी कोणती रे?"

नदी नव्हती. काकांनी ओढा विचारला, तलाव विचारला. शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, मंग घरासमोर आहे तरी काय?"

मुलानं काय सांगितलं ते आम्हाला लगेच कळलं. कारण काकांनी डोळे मिटले, पळीतलं पाणी सोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पार्किंगस्य दक्षिणे तीरे!"

*

मग राऊत सरांची आई तिवश्याहून खास फोनसाठी आली. बाई मोठी खट. इअरफोन कानात घातल्यावर अमेरिकेतल्या लेकाचा आवाज इतका स्वच्छ आला की तिला संशयच आला.

"खरं सांग, कुठी आहेस तू? तिथं किती वाजले?"

मुलगा म्हणाला, सांज झाली.

"इथं सकाळचे सात वाजले अन् तुह्याकडं सांज झाली? कोणती सांज?"

मुलानं बिचाऱ्यानं खरं तेच सांगितलं, की आई, इथे अजून कालचाच दिवस आहे. झालं! म्हातारीनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू चोर सापडला. मग आवाज एकदम खाली आणून लेकाला म्हणाली, "नागपुरात सासरी राहाले गेला असशील तर राहा, मी काही बोलत नाही. पण अमेरिकेचं नाव काहून सांगतं? एखांद्या रविवारी येऊन जात जा ना बाप्पा!"

आम्ही हसून लोळलो.

*

आता मुख्य माणूस. फिजिक्सचे वानखडे सर. धामणगावकडचे, घरी शेती, स्वभावानं गरीब, वय चौतीस आणि लग्न नाही. तीन स्थळं एकाच प्रश्नावर गेली होती: "पोरगं पर्मनंट आहे का?" कोचिंग क्लासात काय पर्मनंट असतं? ब्लॅकबोर्ड!

चौथं स्थळ काकांनी आणलं. मुलगी अकोल्याची, वडील वकील, पण ती स्वतः संशोधनासाठी जर्मनीत. वकील साहेबांचं म्हणणं एकच होतं, "आधी दोघं बोलू द्या, मंग पाहू."

आमच्या कोणाच्याच मोबाइलवर आयएसडी नव्हतं. म्हणून रोज दुपारी दीडला, तिकडे सकाळ असताना, वानखडे सर प्लेयर घेऊन कूलरजवळ उभे राहायला लागले. आणि रोज दीडला अख्ख्या स्टाफरूमला तहान लागायला लागली.

पहिल्या दिवशी सर घामाघूम. "मी धामणगावचा. समजलं? आमी तीन भाऊ. समजलं? काही डाउट?"

मग ते नुसतेच ऐकत राहिले आणि कानापर्यंत लाल झाले. फोन संपल्यावर आम्ही घेरलं, काय म्हणाली?

"म्हणे, डाउट नाही सर. पण तेवढं बोर्डावर लिहून देता का?"

मला ती पोरगी तिथेच आवडली.

*

आठवडाभर बरं चाललं. मग तिनं मुद्द्याचं विचारलं, "मले इथंच नोकरी भेटून राहिली. मी लग्नानंतर इथं राहिली तर चालेल का तुम्हाले?"

सरांनी तोंड उघडलं आणि लाइट गेली! लोडशेडिंगची वेळ त्याच दिवशी बदलली होती. वायफाय गेलं, फोन गेला, सर उघड्या तोंडानं उभे.

संध्याकाळी वकील साहेबांचा काकांना फोन. "पोरगं प्रश्न आयकून फोन कापते. याले मी काय समजू? उद्या दीड वाजता उत्तर नाही आलं, तर आमी नागपूरचं स्थळ पक्कं करतो."

सर रात्रभर झोपले नसावेत. सकाळी त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. पाचवं स्थळ येईल, अशी त्यांना आशाच उरली नव्हती.

"उत्तर काय देणार आहात?" मी विचारलं.

"ते ठरलं आहे मॅडम. पण दीडले लाइट नसते ना."

क्लासमध्ये इन्व्हर्टर एकच, केबिनमध्ये. त्यावर डायरेक्टर सरांचा दिवा आणि टेबलफॅन. काका म्हणाले, "मी पाहतो." दीडला पाच मिनिटं असताना ते हजेरीपटावर सही घ्यायला केबिनमध्ये गेले, पेन खाली पाडलं, टेबलाखाली वाकले आणि पंख्याची पिन काढून तिथे वायफायची पिन खोचून आले. ऑक्टोबरचं ऊन होतं. आत पंखा थांबला, बाहेर फोन लागला!

"काल लाइट गेली होती," सर एका दमात म्हणाले. "तुमी तिथंच नोकरी करा. मी इथली सोडून येतो तिकडं. मी काही इथं पर्मनंट नाही!"

नेमका त्याच वेळी केबिनचा दरवाजा उघडला. घामानं निथळत डायरेक्टर सर पाणी प्यायला कूलरवर आले. वानखडे सर दचकले आणि हिसक्यानं इअरफोनची वायर निघाली. त्या प्लेयरचा माइक वायरमध्येच होता. त्यामुळे इकडचं तिला काही ऐकू जाईना, पण तिचा आवाज मात्र स्पीकरवर अख्ख्या पॅसेजमध्ये घुमला.

"नोकरी सोडता म्हणता, पण तुमच्या डायरेक्टरले सांगतलं का? का त्यांच्यासमोरही तोंड उघडत नाही? हॅलो?"

डायरेक्टर सरांनी ग्लास खाली ठेवला, प्लेयर हातात घेतला, वायर परत खोचली आणि इअरफोन स्वतःच्या कानात घातले.

"मी डायरेक्टर बोलून राहिलो. पोरगं सोन्यासारखं आहे, पण मार्चपर्यंत सोडणार नाही. अर्धा पोर्शन बाकी आहे माहा!"

मग पुढची पाच मिनिटं ती बोलत होती आणि ते ऐकत होते. मध्ये एकदा "पण बाई" म्हणाले, एकदा "हो, ते बरोबर आहे" म्हणाले. नंतर तेही नाही. शेवटी त्यांनी इअरफोन काढून वानखडे सरांच्या हातात ठेवले आणि काकांकडे वळले.

"कुलकर्णी, आधी माहा पंखा लावा. अन् उद्याच्या पेपरात फिजिक्सच्या मास्तरची जाहिरात द्या."