न सापडलेली वाटी

नारायणगावच्या बाजारपेठेतल्या बदामबाई पाणी गाळून प्यायच्या, वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून घ्यायच्या, आणि कामवाली घरी निघाली की तिची पिशवी उघडून बघायच्या. जैन स्थानकात रोज ध्यानाला बसायच्या, पण एक डोळा दाराजवळच्या चपलांवर. नवीन चप्पल असली तर दोन्ही.

आमच्या शेजारची धोंडाबाई त्यांच्याकडे धुणीभांडी करायची. एक दिवस त्यांच्या नातवाची चांदीची वाटी दिसेनाशी झाली. बदामबाई तिला चोर म्हणाल्या नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. ती आमच्या निमगाव सावाला पोचायच्या आधी बातमी गावात पोचली होती. त्यानंतर तिला कुणी घरकामाला घेतलं नाही. बिचारी लोकांच्या कांद्यात खुरपत राहिली.

बऱ्याच वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, संवत्सरीच्या दिवशी बदामबाई जीपमधून आमच्या गावात उतरल्या. त्या दिवशी जैन लोक एकमेकांची क्षमा मागतात, हे आम्हालाही ठाऊक. पण ते पेठेतल्या पेठेत, हात जोडून उरकतात. ही बाई निर्जळी उपासात जीपचे धक्के खात इथवर आली? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरळ धोंडाबाईच्या ओट्यावर जाऊन बसले.

बदामबाईंनी हात जोडले. "मिच्छा मि दुक्कडं. धोंडाबाई, मी तुझ्यावर संशय घेतला. मला क्षमा कर."

"वाटी घावली व्हय भाभी?"

"नाही."

"मंग?"

"स्थानकातल्या साध्वी, महासतीजी म्हणाल्या, वर्ष उलटलं तरी जो संशय सुटत नाही, तो आत्म्याला पुढे जाऊच देत नाही. मी दरवर्षी सगळ्यांची क्षमा मागते, तुझं नाव तेवढं गाळते. वाटी सापडायची वाट बघत होते. सापडली असती तर सोपं गेलं असतं."

धोंडाबाईचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. म्हटलं, आली झडती घ्यायला, दुसरं काय! धोंडाबाई तरातरा आत गेली आणि पत्र्याची पेटी ओढत घेऊन आली. झाकण उघडून म्हणाली, "बगा. लुगडी उपसून बगा. तुमचं समाधान हुईस्तवर बगा."

बदामबाईंची नजर पेटीत गेली. मी बघितलं ना! मान पुढे झाली, हातसुद्धा उचलला. पडलं उघडं सोंग, मी मनात म्हटलं.

मग त्यांनी डोळे गच्च मिटले. चाचपत चाचपत पेटीचं झाकण हाताला लागलं, ते त्यांनी खाली ओढलं.

"आताही बघावंसं वाटतंय गं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "या घडीलासुद्धा वाटतंय."



"ह्ये मातर खरं बोलला, भाभी," धोंडाबाई म्हणाली, आणि पेटीवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागली.